मोजलेले किरण आणि न मोजलेले



ज्या सरांच्या स्मरणार्थ दर वर्षी हे व्याख्यान होतं, त्यांनी आयुष्यभर आयटीआयमध्ये मुलांना वेल्डिंग शिकवलं. इथल्या औद्योगिक वसाहतींत, शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात आज ज्यांना मिस्त्री म्हणतात, त्यांच्यातले कितीतरी त्यांच्या हाताखालून गेले आहेत. जोड कसा बसवायचा ते सरांनी शिकवलं. मी डोळ्यांचा डॉक्टर आहे. जोड बसवताना जो प्रकाश बाहेर पडतो तो माणसाच्या शरीरात कुठे पोचतो आणि तिथे काय करतो, एवढंच मला आज सांगायचं आहे.

मुख्य मुद्दा आधीच मांडतो. वेल्डरच्या आसपास दोन जातींचे किरण असतात. पहिले आर्कमधून निघणारे. त्यात डोळ्यांना दिसणारा लख्ख प्रकाश असतो आणि न दिसणारे अतिनील आणि अवरक्त किरणही असतात. हे किरणोत्सारी नाहीत. आर्क तुटला की तेही थांबतात. दुसरे गॅमा किरण. तयार झालेल्या जोडाचा आतून फोटो काढायला ते वापरतात, आणि त्यांचा स्रोत कुठलंही बटण दाबून विझवता येत नाही. या दुसऱ्या जातीच्या किरणांची मात्रा आपल्या देशात माणसागणिक मोजली जाते आणि नोंदवली जाते. पहिल्या जातीचे किरण मात्र कोणीच मोजत नाही. आणि माझ्या दवाखान्याची बेल मध्यरात्री वाजवणारी माणसं या पहिल्या, न मोजलेल्या किरणांनी पोळलेली असतात.

साखर कारखान्याचं ओव्हरहॉलिंग ज्यांनी पाहिलं आहे त्यांना पुढचं दृश्य ओळखीचं असेल. दिवसा आयबीआर वेल्डर, म्हणजे बॉयलरच्या कामाचं प्रमाणपत्र असलेला वेल्डर, पाइपांचे जोड मारतो. रात्री माणसं पांगली की जोडांचे आतून फोटो काढणारे रेडिओग्राफीवाले येतात. त्यांच्या जड पेटीत इरिडियम-१९२चा स्रोत असतो. ते दोर लावून जागा अडवतात, पिवळ्या पाट्या टांगतात, हातातल्या मीटरने किरण मोजून दोर आणखी मागे सरकवतात. प्रत्येकाच्या छातीवर अंगावर पडलेले किरण टिपणारा टीएलडी बॅज असतो. तो ठरावीक मुदतीने प्रयोगशाळेत जातो आणि त्या माणसाच्या नावापुढे आकडा पडतो. हा आकडा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टच्या आत हवा, कुठल्याही एका वर्षी ३०च्या वर जाता कामा नये. सामान्य माणसासाठी ही मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. १९८३ साली स्थापन झालेलं अणुऊर्जा नियामक मंडळ मुंबईत अणुशक्तीनगरात बसून या सगळ्यावर देखरेख ठेवतं. ही व्यवस्था चांगली आहे आणि ती अशीच कडक राहिली पाहिजे.

त्याच जोडावर दिवसभर बसलेल्या वेल्डरच्या नावापुढे कुठला आकडा पडतो? कुठलाच नाही. त्याची काच किती नंबरची होती, तो किती अँपिअरवर काम करत होता, त्याच्याजवळ पाइप धरून उभ्या असलेल्या पोराच्या डोळ्यांवर काही होतं का, याची नोंद कुठल्याही वहीत सापडणार नाही. जोडाचा फोटो वर्षानुवर्षं फायलीत जपून ठेवतात. जोड मारणाऱ्याच्या डोळ्याचा फोटो कधी काढलेलाच नसतो.

आर्कच्या किरणांची ओळख उशिरा झाली म्हणून असं घडलं, असं कोणाला वाटेल. इतिहास नेमका उलटा आहे. १८५८ साली शार्को या फ्रेंच वैद्यकतज्ज्ञाने विजेच्या आर्कवर प्रयोग करणाऱ्यांच्या कातडीला झालेली इजा लिहून ठेवली. स्वीडनच्या विडमार्क या नेत्रवैद्याने १८८९च्या सुमारास दाखवून दिलं की डोळ्याची ही आग उष्णतेमुळे होत नाही, अतिनील किरणांमुळे होते. आर्कने धातू जोडण्याचा धंदा तेव्हा जेमतेम जन्माला येत होता. बेनार्दोस या संशोधकाची कार्बन आर्कची पद्धत १८८०च्या दशकातली. क्ष-किरणांचा शोध त्यानंतर, १८९५ साली लागला. म्हणजे वेल्डिंगवाल्याचं दुखणं वैद्यकाला क्ष-किरणांच्या आधी माहीत झालं होतं. पण क्ष-किरण आणि रेडियम यांपासून बचावाची आंतरराष्ट्रीय समिती १९२८ सालीच उभी राहिली, तिच्यातून मात्रा आणि मर्यादा आल्या, बॅज आले. क्ष-किरणांनी डॉक्टर आणि शास्त्रज्ञ स्वतः भाजले होते. त्यांची बोटं झडली, जीव गेले. आर्कने भाजणारे कामगार होते. एकाची मोजणी झाली आणि दुसऱ्याची राहिली, यामागचं मोठं कारण मला हेच दिसतं.

आता डोळ्यात काय घडतं ते पाहू. सूर्यापासूनही अतिनील किरण निघतात, पण त्यांतला सर्वांत तीव्र पट्टा वातावरणातला ओझोन अडवतो आणि तो जमिनीवर पोचत नाही. आर्क हा पट्टा आपल्या तोंडापासून हातभर अंतरावर तयार करतो, मध्ये ओझोनचा थर वगैरे काही नसतो. बुबुळावरचं पारदर्शक आवरण, म्हणजे कॉर्निया, हे किरण शोषून घेतो. त्याच्या सर्वांत वरच्या थरातल्या पेशी मरतात, पण लगेच गळत नाहीत. त्या गळायला सहा ते बारा तास लागतात, आणि गळल्या की खालचे मज्जातंतू उघडे पडतात. कॉर्नियाइतके दाट मज्जातंतू शरीरात फार थोड्या ठिकाणी आहेत. म्हणून दुपारी तीनला लागलेलं वेल्डिंग रात्री बाराला कळतं. डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, पाण्याच्या धारा लागतात, दिवा सहन होत नाही, पापणी उघडवत नाही. दवाखान्यात फ्लुरोसिनचा केशरी थेंब टाकून निळ्या उजेडात पाहिलं की बुबुळभर बारीक हिरवे ठिपके दिसतात. तो प्रत्येक ठिपका म्हणजे पेशी गळून पडलेली जागा. साधारण एक-दोन दिवसांत वरचा थर पुन्हा भरून येतो आणि माणूस कामावर जातो.

या दुखण्याचं सगळ्यात वाईट लक्षण मला हा मधला वेळ वाटतो. हात भाजला तर माणूस त्याच क्षणी मागे घेतो. शरीरच त्याला शिकवतं. आर्कच्या बाबतीत शरीर नऊ तास गप्प राहतं. दिवसभर तीस वेळा उघड्या डोळ्यांनी टाका, म्हणजे तात्पुरता छोटा जोड, मारला, त्यातला कुठला लागला हे त्याला कधीच कळत नाही. मग तो म्हणतो, ‘रोजच मारतो की, आजच कसं झालं?’ रोजही थोडं थोडं होतच होतं. आज बेरीज मर्यादेबाहेर गेली एवढंच.

ही बेरीज समजून घेण्यासारखी आहे. उघड्या डोळ्याला आणि कातडीला आठ तासांत किती अतिनील किरण चालतील याची आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरलेली आहे. डोळ्याला सर्वाधिक घातक असलेल्या २७० नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिशेबाने ती दर चौरस मीटरला ३० ज्यूल आहे. नेहमीच्या आर्कपासून एक मीटरवर उघड्या डोळ्यांनी उभं राहिलं, तर ही अख्ख्या दिवसाची मर्यादा काही सेकंदांपासून दीड-दोन मिनिटांत संपते. करंट किती, धातू कोणता, गॅस कोणता यावर ते ठरतं. सीओटू आणि आर्गनच्या कामात रॉडच्या मानाने धूर कमी, त्यामुळे किरण अडवायलाही कमी. ॲल्युमिनियमचं काम असेल तर धोका आणखी वाढतो. आता टाक्यांचा हिशेब करा. ट्रॉलीचा सांगाडा उभा करताना शंभर टाके सहज पडतात. प्रत्येक टाक्याला अर्धा सेकंद डोळा उघडा राहिला, तर पन्नास सेकंद झाले. वेल्डर अर्ध्या मीटरवर असतो, आणि अंतर निम्मं झालं की किरणांची तीव्रता चौपट होते. दिवसाची मर्यादा जेवणाच्या सुट्टीआधी ओलांडलेली असते.

अंतराचा हाच नियम उलट बाजूनेही लागू होतो. दहा मीटरवर तीव्रता शंभरपट कमी होते, म्हणजे एक मीटरवरचे दहा सेकंद तिथे सुमारे सतरा मिनिटं होतात. ऐकायला सुरक्षित वाटतं. पण आपल्या शेडसमोर रस्त्यापलीकडे चहाची गाडी आहे, शेजारी पंक्चरवाला आहे, आणि ते सतरा मिनिटं थांबत नाहीत, दिवसभर तिथेच असतात.

तरी सर्वांत जास्त मार खातो तो हेल्पर. माझ्याकडे रात्री येणाऱ्यांत मुरलेले मिस्त्री कमी, हेल्पर जास्त असतात. गावाकडून नुकता आलेला मुलगा अँगल धरून उभा असतो. मिस्त्री म्हणतो, ‘तोंड फिरव.’ मुलगा तोंड फिरवतो, डोळे मिटतो, आणि टाका संपला असं वाटून क्षणभर आधी उघडतो. पुढचा टाका डोळ्यांत येतो. तोंड फिरवलं तरी बाजूच्या पांढऱ्या भिंतीवरून, चकचकीत पत्र्यावरून किरण परततात. मिस्त्रीच्या हातात निदान शिल्ड असतं. या मुलाच्या हातात फक्त जॉब असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मांडलेला अंदाज असा, की जगात वेल्डर म्हणून काम करणारे सुमारे १ कोटी १० लाख आहेत, आणि वेल्डर हे नाव नसूनही कामामुळे वेल्डिंगच्या संपर्कात येणारे आणखी सुमारे ११ कोटी. दहापट! सुरक्षिततेची आपली सगळी भाषणं त्या पहिल्या एका भागाला उद्देशून असतात.

रात्री डोळे लागले की घरोघरी उपचार सुरू होतात. बटाट्याच्या चकत्या, दुधाच्या घड्या, कोथिंबिरीचा रस. मिटलेल्या पापणीवर गार चकती ठेवण्याला माझी हरकत नाही. गारव्याने बरं वाटतं. दूध किंवा कसलाही रस डोळ्यात घालू नका. कॉर्नियाचं वरचं आवरण गेलेलं असतं, त्या उघड्या जागेत जंतू शिरले तर दोन दिवसांचं दुखणं जन्माचं होतं. याहून मोठी भीती मला एका बाटलीची आहे. डोळा तपासताना आम्ही बधिर करणारा थेंब घालतो आणि पुढच्या मिनिटाला रुग्णाचा चेहरा खुलतो. मग तो ते औषध मागतो. मी घरी देत नाही, तेव्हा तो नाव विचारून मेडिकलमधून घेतो, आणि पुढच्या वेळी शेडमधल्या चार जणांना देतो. हा थेंब वारंवार घातला तर नवीन पेशी वाढायच्या थांबतात, आवरण भरून येत नाही, कॉर्निया पांढरा पडत जातो. डोळा दुखत नसतो आणि आतून नासत असतो. इथे कोणी मेडिकल दुकानदार असतील तर त्यांना हात जोडून सांगतो: वेल्डिंग लागलेल्या माणसाला चिठ्ठीशिवाय बधिर करणारे किंवा स्टिरॉइडचे थेंब देऊ नका.

दोन दिवसांत बरं होतं म्हणून हे दुखणं कोणी गंभीर मानत नाही. पण डोळ्याच्या आतला हिशेब वेगळा चालतो. अतिनील किरणांचा मोठा भाग कॉर्निया आणि भिंग अडवतात. निळसर दृश्य प्रकाश मात्र थेट मागच्या दृष्टिपटलापर्यंत पोचतो. आर्ककडे टक लावून पाहिलं तर दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूला जी इजा होते, ती सूर्याकडे पाहिल्यावर होणाऱ्या इजेच्याच जातीची असते. १९८० सालचं फेब्रुवारीतलं सूर्यग्रहण इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. दुपारी रस्ते ओस पडले, दूरदर्शनने लोकांनी घरात बसावं म्हणून सिनेमा लावला. त्यानंतरच्या प्रत्येक ग्रहणाला उद्यमनगरातल्या दुकानांत लोक १४ नंबरची वेल्डिंगची काच मागत येतात, आणि ते योग्यच आहे. मग हीच काच रोजच्या कामात वेल्डरच्या शिल्डमध्ये धड आहे की नाही हे पाहायला आपण का जात नाही? ग्रहण काही तासांचं असतं. कोपऱ्यावरच्या शेडमधला आर्क वर्षातले तीनशे दिवस पेटतो.

अवरक्त किरणांनी भिंग तापून मोतीबिंदू होतो, हे काच फुंकणाऱ्या आणि भट्टीवर काम करणाऱ्या कामगारांत फार पूर्वी दिसलं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारं मांस वेल्डरमध्ये मी वारंवार पाहतो. आणि २०१७ साली फ्रान्समधल्या लिआँ इथे त्याच कर्करोग संस्थेच्या तज्ज्ञगटाने वेल्डिंगच्या अतिनील किरणांना पहिल्या गटात टाकलं. म्हणजे त्यांच्यामुळे माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा आहे. हा कर्करोग डोळ्यातला मेलानोमा. भीती घालण्यासाठी मी हे सांगत नाही. आपल्या लोकांत हा रोग दुर्मीळ आहे आणि पुरावा प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतला आहे. त्याच बैठकीत वेल्डिंगचा धूरही पहिल्या गटात गेला, फुप्फुसाच्या कर्करोगासाठी. आपल्या बंद शेडमध्ये तो धोका रोजचा आहे, आणि त्यावर वेगळं व्याख्यान व्हायला हवं.

मग वेल्डरांना हे माहीत नाही का? आपल्याकडे दर सुरक्षा सप्ताहात पाट्या लावून ‘जनजागृती’ केली जाते, त्यामागे हेच गृहीत असतं की कामगाराला कळत नाही. पूर्व नेपाळमध्ये ३०० वेल्डरांचा अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ९०.७ टक्के लोकांना वेल्डिंगचा निदान एक धोका माहीत होता. जवळपास तेवढ्यांनाच बचावाचं निदान एक साधन ठाऊक होतं. प्रत्यक्षात एखादं तरी साधन वापरणारे होते ४७.७ टक्के. तिथली शेडं आपल्यासारखीच छोटी, रस्त्याला लागून. दहातल्या नवांना कळतं आणि पाच जणही वापरत नाहीत, तर मधल्या चौघांचं काय होतं, हे शोधायला पाटी लावून चालत नाही. त्यांच्या शेजारी उभं राहून काम पाहावं लागतं.

मी उभा राहून पाहिलं आहे. हातात धरायचं शिल्ड एक हात अडवून ठेवतं. दुसऱ्या हातात होल्डर. मग जॉब कोणी धरायचा? हेल्पर नसेल तर वेल्डर शिल्ड खाली ठेवतो, डाव्या हाताने पट्टी धरतो आणि डोळे मिटून टाका मारतो. हा निष्काळजीपणा नाही. त्याला तिसरा हात नाही. काम किलोच्या भावाने घेतलेलं असतं, आणि दसऱ्याच्या आधी, गळीत हंगाम तोंडावर आला की, ट्रॉलीवाले शेडच्या दारात बसून असतात. शिल्डमध्ये काळ्या काचेपुढे साधी काच असते, ती ठिणग्यांनी आठवड्यात खडबडीत होते. ती एका चहाच्या किमतीत बदलते, पण बदलली जात नाही. मग दिसत नाही म्हणून शिल्ड वर जातं.

आणि एक कारण माझ्या विषयातलं, जे सुरक्षा अधिकाऱ्यांच्या यादीत मला फारसं आढळलं नाही. चाळिशी. चाळिशी उलटली की जवळचं धूसर होतं. मिस्त्रीचा हात तेव्हा सर्वांत तयार असतो, पण काळ्या काचेतून त्याला रॉडचं टोक आणि जोडाची फट नीट दिसत नाही. तो कमी नंबरची, म्हणजे कमी काळी, काच लावतो, तोंड आणखी जवळ नेतो किंवा शिल्ड बाजूला करून आर्क काढतो. त्याला वाटतं वेल्डिंगने नजर गेली. त्याला फक्त जवळचा चष्मा लागलेला असतो. शिल्डच्या आत बसणारं वाचनाच्या नंबरचं भिंग मिळतं, किंवा साधा जवळचा चष्मा शिल्डखाली घालता येतो. एवढ्यावर कितीतरी मिस्त्रींनी पुन्हा १० आणि ११ नंबरची काच लावलेली मी पाहिली आहे. चाळिशीच्या प्रत्येक वेल्डरची जवळची नजर तपासणं हा किरणांपासून बचावाचाच उपाय आहे, असं मी आग्रहाने म्हणेन.

कायद्याकडे येऊ. १९४८च्या कारखाने कायद्याचं ३५वं कलम डोळ्यांच्या रक्षणाचंच होतं. उडणारे कण आणि अतिरेकी प्रकाश, दोन्हींचा त्यात उल्लेख होता, आणि पडदे किंवा गॉगल देण्याची सक्ती करणारे नियम राज्य सरकारने करावेत असं ते सांगत होतं. पण त्या कायद्यात विजेवर चालणारा कारखाना म्हणजे दहा किंवा अधिक कामगार असलेला. २०२०च्या नव्या कामगार संहितेत ही संख्या वीस झाली. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये माणसं असतात तीन, चार, फार तर सहा. म्हणजे जिथे आर्क सर्वांत उघडा, तिथे कायदा पोचतच नाही. दुसरीकडे १९२३च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अवरक्त किरणांनी होणारा मोतीबिंदू धंद्यातला रोग म्हणून दिलेला होता, किरणोत्साराने होणारे रोगही होते. रेडिओग्राफीवाल्याला उद्या काही झालं तर त्याच्या मात्रेची नोंद पुराव्यासाठी उभी राहील. पन्नाशीत मोतीबिंदू झालेला वेल्डर कशाच्या आधारावर दावा मांडणार? न मोजलेल्या किरणांची भरपाई मागता येत नाही.

मोजल्या जाणाऱ्या किरणांच्या बाबतीतही वेल्डर दोराबाहेरच राहतो. पेरू देशात यानांगो इथे जलविद्युत केंद्राचं काम चालू होतं. २० फेब्रुवारी १९९९ रोजी तिथल्या एका वेल्डरला जमिनीवर धातूची छोटीशी वस्तू सापडली. ती त्याने पँटच्या मागच्या खिशात टाकली आणि काम करत राहिला. तो रेडिओग्राफीच्या पेटीतून निसटलेला इरिडियम-१९२चा स्रोत होता, सुमारे ३७ क्युरीचा. एवढ्या स्रोतापासून मीटरभर अंतरावर उभं राहिलं तर आपल्या रेडिओग्राफीवाल्याची वर्षाची मात्रा सात-आठ मिनिटांत भरते. इथे तो कातडीला टेकून होता, आणि कित्येक तास. संध्याकाळी मांडी दुखू लागली. डॉक्टरला वाटलं किडा चावला. रात्री रेडिओग्राफीवाल्यांच्या लक्षात आलं की पेटी रिकामी आहे, तेव्हा ते शोधत घरी पोचले. घरातल्या माणसांनाही किरण लागले होते. त्या माणसाचा जीव वाचला, पण उजवा पाय गेला.

ती वस्तू काय असते हे त्या साइटवर रेडिओग्राफीवाल्यांना माहीत होतं. त्याच साइटवरच्या वेल्डरला कोणी दाखवलं नव्हतं. आपल्या कारखान्यांतही रात्रीच्या रेडिओग्राफीनंतर सकाळी त्या जागेवर पहिला पाय वेल्डरचा आणि हेल्परचा पडतो. तारेच्या आखूड शेपटीला लागलेला चकचकीत दाणा दिसला तर हात लावायचा नाही, लांब व्हायचं, इतरांना लांब करायचं आणि साइट इंजिनिअरला बोलवायचं. त्या वस्तूचं चित्र दाखवून हे समजावायला दहा मिनिटं पुरतात.

आर्गनचं काम करणाऱ्यांसाठी एक छोटी गोष्ट. तुमच्या टंगस्टन रॉडच्या टोकाला लाल रंग असेल तर त्यात साधारण दोन टक्के थोरियम ऑक्साइड असतं. थोरियम किरणोत्सारी आहे. जुन्या गॅसबत्तीच्या मॅन्टलमध्येही ते असायचं, आणि केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत ते विपुल आहे. रॉड हातात धरल्याने काही होत नाही, कारण त्याचे अल्फा किरण कातडीवरच अडतात. धोका आहे तो टोक घासताना उडणाऱ्या धुळीत. ती श्वासातून फुप्फुसात गेली की मध्ये कातडी उरत नाही. घासताना मास्क लावा, धूळ ओल्या फडक्याने पुसा, आणि पुढच्या खरेदीत राखाडी, सोनेरी किंवा निळ्या टोकाचे रॉड मागा. ते सिरियम किंवा लँथॅनमचे असतात आणि काम तितकंच चांगलं करतात.

आता मागणं. आर्कचे किरण मोजता येत नाहीत असं कोणी म्हणू नये. पॉलिसल्फोन नावाच्या प्लॅस्टिकची पातळ फिल्म अतिनील किरणांनी बदलते आणि तो बदल मोजता येतो. संशोधक ती १९७०च्या दशकापासून माणसांच्या अंगावर लावून वापरत आले आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी एका हंगामात उद्यमनगरातल्या शेडमध्ये, वेल्डरच्या शिल्डच्या आत, हेल्परच्या कॉलरवर आणि समोरच्या चहाच्या गाडीवर अशा फिल्म लावाव्यात. आकडा समोर आला की वाद कमी होतील. तोपर्यंत साधी वही चालेल: कोण, कुठलं काम, किती करंट, काच किती नंबरची, वर्षातून एकदा डोळे तपासल्याची तारीख.

शेडमालकांसाठी सर्वांत स्वस्त उपाय पत्र्याचा आहे. पत्र्याचे पडदे तुम्ही स्वतःच तयार करू शकता: माणसाच्या उंचीपेक्षा वर, हवेसाठी खाली वीतभर मोकळे, आणि चकाकणार नाही अशा रंगाचे. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम ऑक्साइड असलेला मॅट रंग अतिनील किरण शोषतो. भिंतींनाही तोच द्या. चाकं लावली की पडदा जॉबमागे सरकतो. हेल्परसाठी पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक, बाजूनेही झाकणारा चष्मा घ्या. त्यातून आर्ककडे पाहायचं नाही, पण भिंतीवरून परतणारे अतिनील किरण तो जवळजवळ सगळे अडवतो. रस्त्यावरचा नुसता काळा गॉगल यासाठी घेऊ नका. काळा रंग उजेड कमी करतो, अतिनील किरण अडतील की नाही हे त्या रंगावरून कळत नाही. आणि ज्याला तिसरा हात हवा आहे, त्याच्यासाठी आपोआप काळं होणारं हेल्मेट आहे. स्वीडनमध्ये १९८१ साली ते पहिल्यांदा बाजारात आलं. आज ते वेल्डरच्या काही दिवसांच्या मजुरीत मिळतं. त्याच्यावर ईएन ३७९ ही मानकाची खूण पाहून घ्या. काच उजळ असतानाही ते अतिनील आणि अवरक्त किरण अडवत असतं, म्हणून टाक्याच्या क्षणी डोळा झाकलेला राहतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात.

शेवटचं मागणं साखर कारखान्यांच्या आणि दूध संघांच्या संचालकांकडे आहे. त्यांच्यातले काही समोर बसले आहेत. हंगाम संपला आहे, ओव्हरहॉलिंगची टेंडरं याच महिन्यात निघतील. रेडिओग्राफीच्या ठेकेदाराकडून तुम्ही बॅज, मीटर, परवाना, सगळं लिहून घेता, कारण कायदा तसं सांगतो. वेल्डिंगच्या ठेकेदाराच्या टेंडरमध्ये या वर्षी चार ओळी वाढवा: प्रत्येक वेल्डरला हेल्मेट, प्रत्येक हेल्परला चष्मा, जागेवर पडदे, आणि कामाआधी डोळ्यांची तपासणी. त्यांची किंमत दरात वेगळी धरा, म्हणजे ती किलोच्या भावातून वेल्डरच्या अंगावर येणार नाही. तपासणीसाठी आमच्या नेत्रतज्ज्ञ संघटनेतले डॉक्टर कारखान्यावर यायला तयार आहेत. तारखा कळवा.